आधी रेघा, मग आवाज

“डोक्याला एवढ्या वायरी? मला झोपवतेयस की चार्जिंगला लावतेयस?” बाबांनी विचारलं.

“हलू नका हो,” लेक म्हणाली आणि त्यांच्या कानामागे आणखी एक वायर चिकटवली. झोपेची तपासणी करणाऱ्या या केंद्रात तिनं शेकडो डोकी अशी सजवली होती. आज मात्र तिला एकेक वायर दोनदा चिकटवावी लागत होती.

तक्रार आईची होती. बाबा झोपेत बोलतात. रात्री बोलतात, दुपारच्या वामकुक्षीतही बोलतात. “मला जाग येते ती यांच्याच आवाजानं,” आई सांगायची. “‘आहे, आहे’ म्हणत बसतात. काय आहे ते विचारलं की गप्प!”

आईला याची गंमत वाटायची. लेकीला हसू येत नव्हतं. स्वप्न पडत असताना मेंदू अंग सैल सोडून देतो, म्हणून तर स्वप्नात धावणारा माणूस गादीवरच राहतो. उतारवयात ही सोय बिघडली, तर स्वप्नातलं सगळं खरोखरच बोललं आणि केलं जातं. कधीकधी ती पुढच्या मोठ्या आजाराची पहिली चाहूल असते. हे तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी तपासणीआधीच गोळ्या आणि, झोपेत आईला इजा होऊ नये म्हणून, वेगळी खोली सुचवली होती.

बाबा गोळ्यांना एका पायावर तयार होते. खोलीचं नाव काढलं की मात्र अडून बसायचे.

“या वयात लाडात आलेत,” आई म्हणाली आणि लाजलीसुद्धा.

ती शेजारच्या खाटेवर बसली होती. जन्मभर लहान मुलांना शिकवलेली बाई. आताही गाडीतून उतरल्यावर तिनं तिघांची डोकी मोजली होती. फार वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीत एक मुलगा मागे राहिला होता. त्याला सगळे छोटू म्हणत. तासाभरात सापडला, हसत हसत आला. मोजायची सवय तेव्हापासूनची, आणि तिच्यावरून घरात आईची यथेच्छ टिंगल चालायची.

“तूही पड जरा,” लेक म्हणाली.

“मी कुठली झोपतेय! मी यांच्यावर लक्ष ठेवते.”

“काय गं,” बाबांनी मध्येच विचारलं, “माणसाला स्वप्नं पडतात तरी कशाला?”

“नक्की कुणालाच माहीत नाही. काहीजण म्हणतात, मन झोपेत पसारा आवरतं. एखाद्या भीतीची धार थोडी थोडी बोथट करतं.”

“आणि नाही झाली बोथट तर?”

“मग तेच ते स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं.”

“अस्सं,” म्हणून बाबांनी डोळे मिटले.

लेक शेजारच्या खोलीत पडद्यासमोर येऊन बसली; प्रत्येक वायरीची एकेक रेघ त्यावर सरकत होती. कॅमेरा फक्त बाबांच्या खाटेवर होता. आवाज तिनं बंदच ठेवला. आधी रेघा, मग आवाज, हा इथला शिरस्ता. आवाज आधी ऐकला की डोळे त्याच्यामागे वाहवत जातात आणि रेघा चुकीच्या वाचल्या जातात.

बाबांना पटकन झोप लागली. पुढे पापण्यांखाली बुबुळं पळू लागली. स्वप्न सुरू झालं होतं. तिनं हनुवटीखालच्या स्नायूंची रेघ पाहिली. ती अगदी सपाट होती. अंग सैल पडलेलं, जसं पडायला हवं तसंच. तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात सगळ्या रेघा एकदम उसळल्या. बाबा जागे झाले होते, टक्क जागे. आणि त्यानंतर त्यांचे ओठ हलू लागले.

तिनं रेघा मागे नेऊन पुन्हा तपासल्या. शंकेला जागा नव्हती. बाबा जागेपणीच बोलत होते.

ती वायरी काढायला गेली तेव्हा आईच्या गालावर उशीची घडी उमटली होती. “ऐकलंस ना? आत्ताही तेच, ‘आहे, आहे’!” असं म्हणत आई चहा आणायला गेली.

दार लागताच लेक वळली. “बाबा, तुम्ही जागे होतात.”

बाबा कानामागची वायर स्वतःच सोडवू लागले.

“महिनाभर माझ्या जिवाला घोर लागलाय. मला वाटलं, तुम्हाला काहीतरी...” तिचे डोळे भरून आले. “कशाला हे नाटक?”

“म्हणजे आजार नाही ना? मग डोळे पूस बघू.”

“मी आईला सांगणार आहे.”

“नको.” त्यांनी तिचा हात धरला. “झोपेत बडबडणारा मीच, असंच वाटू दे तिला. टिंगल करते ती, करू दे. फक्त आमची खोली वेगळी करू नका.”

तिला हायसं वाटलं होतं आणि रागही आला होता. म्हाताऱ्याचा हट्ट, दुसरं काय! ती पुन्हा पडद्यासमोर येऊन बसली. काम अर्धंच झालं होतं. तिनं हेडफोन लावले आणि रेघा उसळल्या होत्या तिथून जरा आधीपासून आवाज सुरू केला.

सुरुवातीला नुसता पंखा ऐकू आला. मग झोपेनं जड झालेला एक आवाज. बाबांचा नव्हे, आईचा.

“बसमध्ये चढले का सगळे? ठमे?”

“आहे.”

“गोट्या?”

“आहे.”

आईचा श्वास चढत गेला. “छोटू? छोटू कुठाय? अरे, थांबवा बस! छोटू!”

“आहे, बाई,” बाबा लहान मुलाच्या आवाजात म्हणाले, “इथंच आहे मी.”