शेपटाचं चाक

"पाय झोपू द्यायचे नाहीत," मागच्या सीटवरून बाबा म्हणाले. "हातांना एक वेळ उशीर झाला तर चालतो. पायांना नाही."

पायच काय, ती सबंधच झोपेला आली होती. पाच दिवसांत अकरा उड्डाणं, दर वेळी मागे दीडशे माणसं. आज सकाळी विमानतळावरून घरी न जाता ती परस्पर इकडे आली, कारण धाकट्या भावाने फोनवर हात टेकले होते. "ताई, आता तूच सांग त्यांना. या वयात रोज उठून त्या धावपट्टीवर जातात. एक दिवस काहीतरी होऊन बसेल."

चाळीस वर्षं शेतांवर फवारणीची विमानं उडवलेल्या माणसाला हे सांगायचं कसं, याची जुळवाजुळव ती वाटभर करत होती. बाबांनी तोंड उघडूच दिलं नाही. "आलीस ना? मग बस पुढे. एवढी कॅप्टन झालीस, पण शेपटाच्या चाकाचं विमान कधी उडवलं नाहीस."

ते खरं होतं. तिच्या विमानांचं तिसरं चाक नाकाखाली असायचं आणि समोरची वाट स्वच्छ दिसायची. याचं चाक शेपटाखाली. जमिनीवर ते नाक वर करून बसायचं, त्यामुळे पुढे दिसायचं फक्त इंजिनाचं झाकण आणि आभाळ.

"बाबा, मला पुढचं काहीच दिसत नाही."

"पुढचं बघायचंच नाही. दोन्ही बाजूंना गवताच्या कडा दिसतात? तेवढ्या सारख्या ठेव."

इंजिनाचा जोर वाढवायला तिने थ्रॉटल रेटला. विमानाने लगेच डावीकडे तोंड फिरवलं. विमान वळवणारी शेपटावरची उभी फळी पायांतल्या पेडलांनी हलायची. तिने उजवा पाय दाबला, तो जास्त झाला. मग डावा, तोही जास्त. धावपट्टीच्या गवतावरून विमान झोकांड्या खात निघालं. तेवढ्यात पायाखालचे पेडल कुणीतरी धरल्यासारखे झाले; मागच्या सीटचे पेडल त्यांनाच जोडलेले होते. सायकल शिकवताना मागून सीट धरावी, तसे अलगद. शेपूट उचललं, धावपट्टी समोर आली आणि खालचं गवत सुटलं.

वर एक गिरकी झाली. तिने मनाचा हिय्या केला. "बाबा, धाकटा म्हणत होता..."

"आधी उतरव. वेग किती आहे?"

तिने काट्याकडे बघून आकडा सांगितला. बाबा दर दोन मिनिटांनी विचारत होते. वेग किती, उंची किती. जुन्या मास्तरांची खोड, असं तिला वाटलं.

पहिल्यांदा चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली आणि शेपूट पुढे यायला बघू लागलं. तिची पाचावर धारण बसली. बाबांच्या पायाने विमान सरळ केलं.

"उड्डाणाचे नऊ हजार तास झालेत माझे," ती घाम पुसत पुटपुटली.

"बाहेर कुणाला सांगू नकोस," बाबा म्हणाले.

कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं. दुसऱ्यांदा विमान तिरकं टेकलं, पण टेकलं. ते तसंच पुन्हा उचलून तिने तिसरी फेरी घेतली. धावपट्टी समोर आली, तेव्हा बाबांनी विचारलं, "वारा कुठून आहे गं?"

खांबावरची वाऱ्याची पिशवी फुगून आडवी झाली होती. भली मोठी, केशरी, डोळ्यांत भरणारी. मागून मान जराशी बाजूला केली तरी दिसावी अशी.

थकलेल्या डोक्यात तो प्रश्न जरा उशिराच शिरला. आणि त्याच्या मागून बाकीचे सगळे.

"बाबा, पिशवी दिसते ना तुम्हाला?"

"मधलं दिसत नाही," बाबा म्हणाले. "जिथे बघावं तिथेच डाग. कडेचं दिसतं. तुझा कान दिसतो, चेहरा नाही."

"कधीपासून?"

"झाले चार महिने."

"आणि तसेच उडवताय?" तिचा आवाज चढला.

"छे. चार महिन्यांत चाक उचललेलं नाही याचं. येतो, पुसतो, इंजिन गरम करतो आणि घरी जातो. धाकट्याला वाटतं, उडवतो. म्हटलं, वाटू दे." मग जरा थांबून ते म्हणाले, "वारा कुठून आहे, विचारलं मी."

"उजवीकडून."

"मग उजवा पंख किंचित खाली. आणि मी पाय काढून घेतोय. तुझं तू बघ."

पेडल एकदम हलके झाले. तिने कडांवर नजर ठेवली. गुडघ्यांमधली सुकाणूची काठी हळूहळू पोटाशी ओढली. उजवं चाक लागलं, मग शेपूट, मग डावं. तिचे पाय आपोआप नाचत होते, डावा, उजवा, डावा. विमान सरळ धावत गेलं आणि दम लागल्यासारखं थांबलं.

तिने सांगायला आणलेलं सगळं शिळं झालं होतं.

शेडपाशी नेऊन तिने इंजिन बंद केलं. पंखा दोन-चार आचके देऊन थांबला. ती उतरली.

"येताय ना?"

"तू हो पुढे. शेपूट बांधून घे तोवर."

दोर घेऊन ती मागे गेली. वाकणार, तोच शेपटावरची उभी फळी हलली. वारा तर शेडच्या पलीकडे अडला होता. फळी डावीकडे वळली, उजवीकडे वळली, जरा थांबली, पुन्हा डावीकडे. सावकाश, एका लयीत.

ती दोर मांडीवर ठेवून गवतात बसली आणि फळी थांबायची वाट बघत राहिली.