परतीची फेरी

उद्यापासून धर्माकाकांच्या हातातलं सुकाणू यंत्राकडे जाणार होतं. डिझेल संपल्यापासून कोकणातला माल शिडाच्या बोटींवरच जायचा, आणि बोटींवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर सहा महिने सांगत होतं, की या वाऱ्यात जेवढी पळायला हवी तेवढी बोट काका पळवत नाहीत. नियमाप्रमाणे आज तंत्रज्ञ ऋजुता बोटीच्या वेगमापकाची शेवटची तपासणी करत होती.

दीपगृहापर्यंत ओहोटीच्या प्रवाहाबरोबर जाताना उपग्रहाने सात नॉट वेग दाखवला, प्रवाहाविरुद्ध परतताना सहा. सरासरी साडेसहा; प्रवाह वगळता हाच बोटीचा खरा वेग. बोटीच्या तळाचा मापक मात्र दोन्ही वेळा सहाच म्हणत होता.

ऋजुताने जुनी नोंद उघडली. सहा महिन्यांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हा मापक तिनेच जुळवला होता. दुसऱ्या बोटी खोळंबल्या होत्या म्हणून तिने एकच फेरी घेतली होती, तीही ओहोटीच्या विरुद्ध; प्रवाहाने कमी झालेला वेगच मापकात खरा म्हणून बसला होता.

"काका, तुम्ही हळू नव्हता. मापकच कमी दाखवत होता. चूक माझी आहे."

काकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"मी चष्मा बदलून घेतला गं," ते म्हणाले. "बायकोला सांगितलं, आता सुकाणूवरचा हात गेला माझा."

ऋजुताने अहवालात कारणाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि तो पाठवून दिला. सुकाणू यंत्राकडे देण्याचा उद्याचा आदेश थांबला.

"बोलणी खाशील ना आता?"

"खाईन. तुम्ही सहा महिने खाल्लीत."

काका हसले, मग एकदम थांबले. "त्या आठवड्यात आणखी किती मापक लावलेस?"

"चार. त्यात हिराजीकाकांचाही."

"बोट हळू चालवतो म्हणून हिराजीला गेल्या महिन्यातच घरी बसवलं."

काकांनी बंदराकडे निघालेली बोट हिराजीच्या गावाकडे वळवली.

"चल. त्यालाही तूच सांग."