कबुतरवाल्याची साक्ष

धडाम! काझी अबू रातिबच्या न्हाणीघरातला डिझेलचा बंब फुटला आणि त्याचं पत्र्याचं धुराडं थेट आभाळात गेलं. शेजारच्या गच्चीवर कबुतरं उडवत उभ्या असलेल्या अबू नवारनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

पण उपयोग काय? दमास्कसमध्ये कबुतरवाल्याची साक्ष कोणी धरत नाही. शेजाऱ्याचं कबुतर लपवायचं आणि वर देवाची शपथ घ्यायची, ही त्यांची जन्माची खोड. याच कारणावरून काझीसाहेबांनी आपल्या मुलाची, रातिबची, अबू नवारच्या मुलीशी, नवारशी, ठरत आलेली सोयरीक कालच मोडली होती. "थापाड्याची पोर माझ्या घरात नको!" पोर बिचारी रडून रडून अर्धी झाली. अबू नवारनं तेव्हाच कान पकडले. मेलो तरी आता खोटं बोलायचं नाही.

इकडे गल्लीत माणसं जमेपर्यंत टीव्हीवर बातमी झळकलीसुद्धा: शत्रूचं क्षेपणास्त्र आपल्या जवानांनी हवेतच पाडलं! मागोमाग चिलखत चढवलेली वार्ताहर पोरगी कॅमेरा घेऊन हजर. बातमी आधी, चौकशी मागून.

"अहो बाई, बंब फुटला, बंब!" अबू नवार कळवळून म्हणाला.

गल्ली खो खो हसली. "घ्या! कबुतरवाला बोलला!"

"काका, बंब कोण बघतंय?" पोरगी वैतागली. "क्षेपणास्त्र कुठून आलं तेवढं पटकन सांगा."

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. आणि काय सांगू, गड्याची शपथ तिथंच विरघळली. "आलं ना, डोंगरापलीकडून! माझ्या पांढऱ्या कबुतरीनं त्याला अशी गिरकी दाखवली, अशी दाखवली, की त्याला घेरीच आली! मग काय, आपल्या पोरांनी टिपलंच!" पडद्यावर त्याच्या नावाखाली पट्टी आली: हवाई युद्धतज्ज्ञ.

घरी नवारनं कपाळावर हात मारला. "बाबा, उरलीसुरली आशाही घालवलीत!"

संध्याकाळी दार वाजलं. दारात खुद्द काझीसाहेब! दाढीला अजून बंबाची काजळी, हातात बक्लाव्याच्या मिठाईचा डबा.

"अबू नवार, अख्ख्या देशानं ऐकलं हो! म्हणजे शत्रूनं नेम धरला तो थेट माझ्या घरावर. उगाच नाही! बायको म्हणते, बंब फुटला. म्हटलं, गप्प बस, तुला टीव्हीपेक्षा जास्त कळतं? आजपासून आपण व्याही!"

दाराआड नवार लाजून चूर झाली. अबू नवारला मात्र राहवेना. पोरीचा संसार खोट्यावर कसा उभा करायचा? त्यानं काझीसाहेबांचे हात धरले.

"देवाशपथ खरं सांगतो, काझीसाहेब. तुमचा बंबच फुटला होता."

काझीसाहेब गदागदा हसले आणि बक्लाव्याचा तुकडा त्यांनी अबू नवारच्या तोंडात कोंबला.

"सोयरीक पक्की हो, व्याही! पण आता या थापा मारणं तेवढं सोडा."