व्हिएन्नाहून येणारा आवाज

‘लावताय ना?’ टाउसबाईंनी दारातूनच विचारलं.

क्वेताने हात पुसले आणि नाइलाजाने रेडिओचं बटण फिरवलं. जेवणाआधी ही घाण तिला ऐकायची नसायची. पण वरच्या मजल्यावरची ही म्हातारी सप्टेंबर लागल्यापासून रोज संध्याकाळी खाली यायची, खसखशीचा पाव टेबलावर ठेवायची आणि खुर्ची रेडिओला चिकटवून बसायची.

खरखर झाली, मग आवाज आला. व्हिएन्ना जर्मनांच्या घशात गेल्यापासून तिथला रेडिओ चेक भाषेत बोलायला लागला होता.

‘चेक बांधवांनो, तुमची माणसं सीमेवर कुणासाठी मरणार? ज्यूंच्या तिजोऱ्यांसाठी. ही बांडगुळं हाकला, सीमेवरचा मुलुख सोडा आणि सुखाने झोपा.’

क्वेताला शब्दांपेक्षा त्या गोडव्याचीच जास्त शिसारी यायची. मधाचं बोट लावून विष चाटवावं तसा तो बोले. आणि हेल थेट ब्रनोचा.

‘मेला आपल्याच गावचा आहे,’ ती म्हणाली.

‘हो, इथलाच,’ टाउसबाई म्हणाल्या आणि ओठांवर बोट ठेवलं.

क्वेताचा नवरा व्हिलेम सीमेवरच्या बुरुजात तोफेपाशी बसला होता. टाउसबाईंचा मुलगा एर्विन व्हिएन्नात राहायचा. मार्चमध्ये जर्मन शहरात शिरले, त्याच आठवड्यात ज्यू म्हणून त्याला घरातून उचललं. मग खबर नाही. तिकडची एखादी बातमी कानावर पडेल या आशेने बाई येत असाव्यात, असं क्वेताने धरलं होतं. पण बातमी कधी नसायचीच, नुसतं गटार वाहायचं.

इमारतीचा रखवालदार ह्रुबेश हल्ली त्याच गटाराचं पाणी पीत होता.

‘खोटं काय बोलतो तो?’ जिन्यात झाडू टेकवून त्याने क्वेताला गाठलं. ‘इंग्रज, फ्रेंच सगळे सांगतायत, मुलुख जर्मनांना देऊन टाका. आपणच कुणाच्या नादाने अडून बसलोय? ती वरची म्हातारी रोज तुमच्याकडे काय ऐकते, विचारलंत कधी?’

‘ह्रुबेशकाका, तिच्याच हातचं सूप पिऊन तुमची बायको न्यूमोनियातून उठली.’

‘ते वेगळं. मी जातीचं बोलतोय.’

क्वेताला त्याच्या तोंडाला रेडिओचाच वास आला.

दोन दिवसांनी टाउसबाईंच्या दाराला कुणीतरी घोड्याची लीद फासली. बाई बाजारात गेल्या होत्या. क्वेताने बादली आणली, दार खरवडून धुतलं, आणि जिन्यातच तिला ओकारी झाली. खाली ह्रुबेश शीळ घालत पितळी कठडा पुसत होता.

त्या संध्याकाळीही टाउसबाई आल्या.

‘आज नाही लावणार,’ क्वेता म्हणाली. ‘सकाळी तुमच्या दारावर काय होतं, ठाऊक आहे?’

‘वास येतोय अजून.’

‘हे सगळं हाच माणूस करायला लावतो. आणि तुम्ही त्याच्यापुढे डोळे मिटून बसता, देवळात बसल्यासारख्या. लाज नाही वाटत?’

‘वाटते,’ टाउसबाई म्हणाल्या. ‘लावा.’

क्वेताने लावला, पण त्या दिवसापासून तिला म्हातारीचाही तिटकारा यायला लागला. मार खाऊन मारणाऱ्याचे पाय चाटणारी कुत्री तिने पाहिली होती. माणूस तसा होतो, हे तिला पाहवत नव्हतं. टेबलावरचा पाव ती आता खात नसे.

मग महिनाअखेरीस बड्या राष्ट्रांनी म्युनिकमध्ये बसून सीमेवरचा मुलुख परस्पर देऊन टाकला. चेकांना आत बोलावलंसुद्धा नाही. गल्लीत बायका दारात उभ्या राहून रडत होत्या. एकही गोळी न झाडता व्हिलेम बुरूज सोडून परत येणार होता.

संध्याकाळी व्हिएन्नाचा आवाज नेहमीपेक्षा गोड होता.

‘शाब्बास, बांधवांनो. शहाणे झालात. आता घरातली घाण काढा. तुमच्या जिन्यात, तुमच्या शेजारी जे ज्यू राहतात...’

मधेच तो खोकला. कोरडा, लांबलेला खोकला. टाउसबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या, कान रेडिओच्या कापडाला लावला. तो पुन्हा बोलायला लागला तेव्हा त्या हलकेच खाली बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

ते समाधान पाहून क्वेताच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तरातरा पुढे गेली आणि बटणाला हात घातला.

‘पुरे झालं. माझ्या घरात पुन्हा हा आवाज नको. माणूस आहे की कोण आहे हा?’

टाउसबाईंनी तिचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढी ताकद असेल असं क्वेताला वाटलं नव्हतं.

‘माझा एर्विन आहे,’ त्या म्हणाल्या. ‘बोलतोय तोवर त्याला मारलेलं नाही.’