पिवळ्या दिव्यावरचा उतारा

दुपारी सगळी सोसायटी घोरत पडली, की दुर्गाकाकू अंबाड्यातला आकडा काढून खाली उतरायच्या आणि शेजारच्या उन्मेषच्या नव्या गाडीच्या चाकातली थोडी हवा सोडून द्यायच्या. तो फुस्स आवाज ऐकला की त्यांचं काळीज थंड व्हायचं. काकू गावाला गेल्या असताना या मेल्याने गाडीच्या जागेसाठी प्राजक्त तोडला होता. त्यांच्या यजमानांनी हाताने लावलेला!

गाडीत मग उद्गारचिन्हाचा पिवळा दिवा लागायचा. टायरमध्ये हवा कमी आहे, एवढंच तो सांगायचा. उन्मेष हवा भरून आणायचा, दिवा विझायचा आणि दोन दिवसांत पुन्हा हजर! गॅरेजवाल्याला ना पंक्चर सापडलं, ना बिघाड. लिंबू-मिरची टांगूनही दिवा लागला, तेव्हा उन्मेष काकूंच्याच दारात आला.

"काकू, गाडीला कुणाची तरी नजर लागलीय. तुम्ही दृष्ट काढता ना?"

काकूंनी गाडीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. "आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची..." पुटपुटताना त्यांनी हसू कसंबसं दाबलं. मग मान हलवत म्हणाल्या, "ही माणसाची नजर नाही रे. फुलत्या झाडाचा तळतळाट आहे. जिथे तोडलंस, तिथेच लाव."

आता गाडी फाटकाबाहेर उन्हात तापते. दिवा काही पुन्हा लागलेला नाही. रोज सकाळी उन्मेष रोपापाशी बादली घेऊन येतो, आणि अंबाड्यात आकडा खोचत काकू गॅलरीतून ओरडतात,

"पाणी नंतर. आधी पाया पड त्याच्या!"