डमीचा डावा हात

“उतरव तो हात,” दुकानदार काका म्हणाले. “आत्ताच्या आत्ता.”

तिने तो नुकताच बसवला होता. कपड्यांच्या दुकानाच्या काचेत निळा ड्रेस घालून उभी असलेली पांढरीफटक डमी. वर्षभर तिचा डावा हात पाठीमागे वळवून ठेवलेला, कारण त्याला बोटंच नव्हती. आता तो मांडीशेजारी ऐटीत सुटला होता. प्लास्टरचा, कोरा करकरीत.

“उतरव म्हणजे? काका, नऊ दिवस लागलेत या हाताला!”

“दिसतंय ना. तेच तर दुखणं आहे.”

तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. वर्गात तिला फटाकडी म्हणायचे ते काही उगीच नाही. शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला सरांनी यंदा नवंच खूळ काढलं होतं. प्रत्येकाने आपल्या धंद्याचा प्लॅन आणायचा, आणि ज्याचा पास, त्याला कॉलेजची जुनी प्लास्टरखोली वर्षभर वापरायला. कुणी गॅलरी काढणार होतं, कुणी हॉटेलांत कारंजी बसवणार होतं. हिने बसस्टॉपपासून कॉलेजपर्यंतच्या दुकानांत सदतीस मोडक्या डम्या मोजल्या होत्या. खिशात हात खुपसलेल्या, बाहीत मनगट लपवलेल्या, नाक उडालेल्या. या सगळ्या ती दुरुस्त करणार होती. सर हसले नाहीत. एवढंच म्हणाले, “कागदावर सगळ्यांचंच जोरात चालतं. एका गिऱ्हाइकाची सही आण. शुक्रवारी बारापर्यंत.”

आज शुक्रवार होता आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते.

“यात वाईट काय आहे ते तरी सांगा.”

“वाईट कुठे म्हणतोय? भीती वाटते मला त्याची! या शिरा, ही नखं, हा फुगलेला सांधा. कुणाचा हात आहे हा?”

“आत्याचा.”

आत्या उभा जन्म शिवणयंत्रावर बसलेली. अंगठ्याचा सांधा त्यानेच फुगला होता. तो सांधा जमला तेव्हा फटाकडी एकटीच खोलीभर नाचली होती.

तेवढ्यात काचेबाहेर एक बाई थबकली. वाकून हाताकडे बघायला लागली. मग सोबतच्या बाईला कोपर मारलं. “अगं बाई! मला वाटलं खरीच बाई उभी आहे. बघ ना, शिरासुद्धा!” दोघी हसल्या आणि पुढे निघून गेल्या.

“बघा!” फटाकडी म्हणाली.

“काय बघू? ड्रेसकडे बघितलं त्यांनी? रंग तरी सांगू शकतील?” काकांनी गळ्यातली टेप दोन्ही हातांनी ओढून धरली. “आता माझ्याकडे तोंड कर. मागे वळायचं नाही. या डमीचा उजवा हात कसा आहे, सांग.”

तिने तोंड उघडलं. डावा हात कुठे तुटला होता, मनगटाजवळ तडा कसा तिरका गेला होता, झोपेतही सांगितलं असतं. पण उजवा? महिनाभर ती या काचेसमोर उभी राहत होती.

“आहे... हातासारखा.”

“बरोब्बर! मला तसला दे. आत्याचा हात सरांना दाखव, घरी कपाटात ठेव, काय वाटेल ते कर. माझ्या काचेत ड्रेस विकायचाय.”

उलटून बोलायला तिच्याकडे निदान चार वाक्यं तयार होती. तिने उजव्या हाताकडे बघितलं. मग घड्याळाकडे. मग मनगटातली खाच सोडवून आपला हात काढून घेतला.

“साडेअकराला देते.”

“आजच्या?”

“मग काय, दिवाणखान्यात मांडायला बनवतेय का? आजच्याच.”

दुकानाच्या पायरीवर तिने पेपर अंथरला. पिशवीतून कानस काढली, काचपेपर काढला. आधी नखं गेली. मग बोटांवरच्या सुरकुत्या. सांध्यावर मात्र तिचा अंगठा क्षणभर थांबला.

“सॉरी हं, आत्या,” ती पुटपुटली आणि घासायला लागली.

शिरा घालवणं सोपं निघालं. त्या कधी नव्हत्याच असं दाखवणं महाकठीण. दर पाच मिनिटांनी ती आत जायची, उजवा हात चाचपायची, पुन्हा पायरीवर येऊन बसायची. मध्येच पिशवीतला प्लॅन काढला. ‘आमच्या कामाचं वेगळेपण’ या मथळ्याखाली तिने जिवंतपणावर अर्धं पान लिहिलं होतं. त्यावर एक आडवी रेघ मारली आणि परत कानस उचलली. मांडीवर पांढरा चुरा साचत गेला. आता तिला मजा यायला लागली होती.

अकरा वीसला हात मनगटात बसला.

दोन पिशव्या घेतलेली एक बाई काचेसमोर थांबली. ड्रेस गळ्यापासून घेरापर्यंत न्याहाळला आणि सरळ आत आली. “हा निळा माझ्या मापात मिळेल का हो?”

काकांनी त्या मापाचा ड्रेस काढून दिला, बाईंना आरशाच्या खोलीकडे पाठवलं आणि काचेपाशी आले. कंबरेत वाकले. डमीचा हात आपल्या हातात घेतला, उलटासुलटा बघितला, त्यावरून अंगठा फिरवला.

“आता कसं! याला म्हणतात काम. एवढं येतं तर सकाळी कशाला वाद घालत होतीस?”

त्यांनी उजवा हात धरला होता.

जिभेच्या टोकावर आलेलं वाक्य तिने गिळलं. एका दिवसात दुसऱ्यांदा. प्लॅनचं शेवटचं पान पुढे केलं.

“इथे सही करा, काका. आणि खाली फोन नंबर.”

काकांनी सही केली. पेन खिशाला लावलं आणि आत जाता जाता त्या उजव्या हातावर शाबासकीची एक थाप मारली.