दहापैकी तीन

एकच गेम दोन कन्सोलवर खेळून दोन्ही कन्सोलना गुण द्यायचे, हे समीक्षकाचं काम. पण पहिल्या कन्सोलवरचा नायक अर्धा तास भिंतीपुढे ढिम्म उभा होता. बटणं दाबून बोटं सुजली. संपादकाचा तिसरा फोन आला, तेव्हा त्याने तणतणत लिहिलं, "हा कन्सोल मठ्ठ आहे. काय चाललंय, त्याला कळतच नाही. दहापैकी तीन."

"अहो, मग मागच्या टीव्हीवर कोण खेळतंय?" बायकोने विचारलं.

त्याने वळून पाहिलं. दुसऱ्या कन्सोलवरचा नायक राक्षसाला लोळवून नाचत होता. समीक्षकाच्या हातातला कंट्रोलर त्या दुसऱ्या कन्सोलचाच होता.

"पहिल्यांदाच जिंकलात," बायको म्हणाली, "तेही पाठ फिरवून."

त्याने 'कन्सोल' खोडून 'समीक्षक' लिहिलं. बाकी एक अक्षरही बदलावं लागलं नाही.